माझा आवाज मला केवढा वाटतो

आमच्या यांचे कान गेले, हे मी साऱ्या मोहल्ल्याला सांगून मोकळी झाले होते. स्वयंपाकघरातून मी म्हणावं, "अजी, चहा झाला," आणि यांनी अंगणात खुर्चीवर ढिम्म बसून राहावं. दुसऱ्यांदा म्हणावं, तिसऱ्यांदा म्हणावं, मग चहा घेऊन बाहेर जावं आणि कप आदळावा. हे माझ्याकडे बघून शांतपणे सांगायचे, नाई ऐकू आलं वं. वय झालं की पुरुषांना बायकोचं तेवढं ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं, हे मला ठाऊक होतं. आमचं गाव लाखनीजवळ, हायवेला लागून. रस्त्यावरून गेलेला ट्रक भरलेला होता की रिकामा, हे यांना घरात बसून कळायचं. चहा मात्र कळत नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. सगळं गाव मला बाई म्हणतं, हेही म्हणतात. नोकरीत माझ्याकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे आवाज. छडी कधी हातात घ्यावी लागली नाही. पण तो आवाज मला देवाघरून मिळालेला नव्हता, मी तो घडवला होता. माझी आई धानाच्या रोवणीला जायची. रोवणीच्या बाया शेताच्या या टोकावरून त्या टोकाला गप्पा मारतात, त्यांना हळू बोलणं परवडत नाही. आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. नोकरी लागली तेव्हा मी समोर बसलेली असताना एक मॅडम दुसरीला म्हणाली की यांच्या मोहल्ल्यात साऱ्या बाया बोंबलूनच बोलतात. त्या दिवसापासून माझ्या गळ्याला मी वेसण घातली. खणखणीत बोलायचं, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, पण बोंबलल्यासारखं कधीच वाटू द्यायचं नाही. पुढं तीच मॅडम आपल्या वर्गातल्या मुलांची भाषणं माझ्याकडून बसवून घ्यायला लागली, तो भाग वेगळा.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. बाया कामं आटोपून येतात, सतरंजीवर बसतात, आणि मी वाचते. कित्येक वर्षं मीच वाचत आले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना तो ग्रंथ माझ्या तोंडून पाठ झाला आहे. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण ही शाळा सुटली नव्हती. खरं सांगायचं तर माझा सगळा जीव या एका गोष्टीत होता.

मागच्या वर्षावासात एक गंमत झाली. बाया रोज थोड्या पुढं सरकून बसायला लागल्या. आधी मागची भिंत सोडली, मग खिडकी सोडली, मग पार माझ्या पाटाला गुडघे टेकवून बसल्या. मला वाटलं मागं पत्रा गळत असेल. मी विहाराच्या मंडळाच्या मागंच लागले, पत्रा बदला म्हणून. एक माणूस शिडी लावून वर चढला आणि कुठंच गळत नाही म्हणून उतरला. मग कोणीतरी पंखा बंद करायला लागलं. ऐन उकाड्यात पंखा बंद. मी म्हटलं, अगं, घामानं जीव जाईल, तर साऱ्या जणी म्हणाल्या की बाई, असू द्या, थंडी वाजते.

घरातही अशीच काहीबाही भानगड चालली होती. फाटक मी रोज लोटून घ्यायची आणि शेजारणीची शेळी रोज आत येऊन माझं झेंडूचं रोप खायची. शेजारणीशी मी चांगलं कडाक्याचं भांडण केलं, तुझी शेळी फाटक उघडायला शिकली म्हणून. ती म्हणाली, शेळीले हात आहेत का वं? पोळ्याही लहान होत होत्या. यांनी एक दिवस पुरीएवढी पोळी हातात धरून बघितली, काही न बोलता खाल्ली आणि आणखी दोन मागून घेतल्या. मला वाटलं, वा, भूक वाढली. माझ्या हातांना तर त्या पोळ्या रोजच्याएवढ्याच लाटल्यासारख्या वाटत होत्या.

दिवाळी झाल्यावर मी यांना ओढत भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हे नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं होतं, आणि हे भराभर बटण दाबत होते. मला हसू आलं, म्हटलं, हा माणूस परीक्षेतही कॉपी करतो की काय. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं की यांचे कान या वयाच्या मानानं फार चांगले आहेत. मी विचारलं, मग माझंच का ऐकू येत नाही? डॉक्टर पुढं झुकले आणि म्हणाले, काय म्हणालात? मी पुन्हा विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला पुन्हा बोलायला लावलं. त्यांची मदतनीस मुलगीही दारातून पुढं आली. मी यांच्याकडे पाहिलं, तर हे आपल्या चपलांकडे बघत बसले होते.

डॉक्टर म्हणाले की तपासणी यांची नाही, तुमची करायला हवी. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

येताना एसटीत मी खिडकीपाशी बसले आणि बराच वेळ बोललेच नाही. बोलले तरी कोणाला ऐकू येणार होतं म्हणा. शेवटी यांच्याकडे वळून विचारलं, तुमाले माहीत होतं? यांनी मान हलवली. मग काहून सांगतलं नाई? तेव्हा हे हळूच म्हणाले, "तुले आवाज गेला म्हणून कोन सांगन? माझे कान गेले म्हनलं, सोपं पडलं."

लोकांना वाटेल मी विरघळले. मुळीच नाही. माझं डोकं सणकलं. वर्षभर मी या माणसाला बहिरा म्हणून मिरवलं होतं. मोहल्ल्यातले लोक यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि हे बिचारे ओरडून घेत होते. आणि तिकडे विहारात बाया माझ्यासाठी पंखा बंद करून घामात बसत होत्या. सगळ्यांना ठाऊक, एक मला सोडून. बस लाखनीला पोचेपर्यंत मी यांना जे काही बोलले ते त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, लिहायला लावलं. मग म्हणाले, डोळे मिटा आणि दोन्ही हात खांद्याच्या उंचीपर्यंत वर करा. मी केले. डोळे उघडून बघते तर उजवा हात खांद्याशी होता आणि डावा कमरेच्या थोडा वर लटकत होता.  डोळे मिटलेले असताना दोन्ही हात अगदी एका रेषेत असल्याची मला खात्री होती, मी पैज लावली असती.

पार्किन्सन आहे, म्हणाले. कंपवात. मी लगेच वाद घातला की माझा हात कुठं थरथरतो? आमच्या गावात एका म्हाताऱ्याला कंपवात होता, त्याच्या हातातून चहा सांडायचा. माझ्या हातातून थेंब सांडत नाही. डॉक्टर भले माणूस, चिडले नाहीत. म्हणाले, थरथर दिसते म्हणून लोकांना तेवढीच माहीत आहे, पण काहींचे हात थरथरतच नाहीत, नुसते मंदावतात. हात किती हलला, पाय किती उचलला, याची खबर सांध्यांतून आणि स्नायूंतून सारखी मेंदूकडे जात असते. या आजारात त्या खबरीचा हिशोब बिघडतो. हात वीतभर हलला तरी मेंदूला वाटतं हातभर हलला, काम झालं, पुरे. म्हणून पाऊल लहान पडतं, अक्षर बारीक होतं. बोलणं म्हणजेही छातीची, गळ्याची, जिभेची हालचालच. तुम्ही अर्ध्या आवाजात बोलता आणि तुमचा मेंदू सांगतो, पूर्ण आवाज लागला.

तेव्हा हे म्हणाले, पायलीचं बूड आत दबल्यावर होते तसं. आमच्याकडे धान पायलीनं मोजतात. पायली आदळून आदळून तिचं बूड आत गेलं की ती काठोकाठ भरलेली दिसते, पण आत धान कमीच असतं. डॉक्टर हसले, म्हणाले, तसंच समजा. फाटक, शेळी, पोळ्या, सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. शेजारणीला काय तोंड दाखवू, हा पहिला विचार आला.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पाय मोकळे झाले, बटणं मी माझी मला लावायला लागले. आवाजाला मात्र गोळी फारशी लागू पडत नाही, त्याला सराव लागतो, असं तिथल्या वाणीचे उपचार करणाऱ्या मुलीनं सांगितलं. माझ्या शेवटच्या वर्गात शोभली असती एवढी ती लहान, पण मला तिनं सरळ केलं. माझ्यासमोर मोबाइल ठेवला, आवाजाबरोबर त्यातली रेघ वर-खाली व्हायची. म्हणाली, आ म्हणा. मी म्हटलं. रेघ जमिनीवरच. जोरात. पुन्हा म्हटलं. मला लाज वाटायला लागली, बाहेर माणसं बसली होती. रेघ मधोमध पोचली तेव्हा मला वाटत होतं की मी पार सीताबर्डीच्या बाजारापर्यंत ऐकू जाते आहे. ती म्हणाली, हा तुमचा साधा बोलण्याचा आवाज. तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल तेव्हाच तुम्ही नीट बोलत असाल. तुम्हाला बरोबर वाटलं, की समजा कमी पडलं.

म्हणजे जन्मभर जे टाळलं ते आता रोज करायचं. बोंबलायचं. आणि मला आतून सारखं वाटत राहणार की मी बोंबलते आहे, चार लोकांत तमाशा करते आहे. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या काळजात बसली. हात किती वर गेला ते तुम्ही डोळ्यांनी बघून ताडू शकता. आवाज डोळ्यांना दिसत नाही, आणि स्वतःच्या आवाजाबाबत तुमचे कानही आता फसवतात. घरातलं कोणीतरी असं हवं की जे तुम्हाला खरं सांगेल.

घरात तर एकच माणूस होता, आणि तो वर्षभर माझ्याशी खोटं बोलला होता.

आम्ही सरावाला शेतात जायला लागलो. धान कापून झालं होतं, बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, मोकळ्या पडल्या होत्या. मी एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहायची आणि हे दूरच्या धुऱ्यावर. मी एकेक वाक्य ओरडायचं, ऐकू आलं की यांनी हात वर करायचा. पहिल्या दिवशी यांचा हात प्रत्येक वाक्याला वर. दुसऱ्या दिवशीही. मी खूश झाले, म्हटलं, चला, जमलं. मग मला शंका आली. बाईच ना मी, कॉपी करणारा मला लांबून कळतो. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. यांनी हात वर केला.

मी तिथंच धुऱ्यावर बसले आणि रडले. आजार कळला तेव्हा रडले नव्हते, नागपूरला रडले नव्हते, त्या दिवशी ओक्साबोक्शी रडले. हे घाबरून बांधीतून धावत आले. काय झालं, काय झालं करायला लागले. मी म्हटलं, "माझं अंगच मले खोटं सांगून राहिलं. तुमीबी खोटं सांगसान तं मी इचारू कोनाले?"

 हे माझ्या शेजारी बसले आणि पदर माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आपणहून चपला घालून तयार झाले. त्या दिवशी यांचा हात वर गेलाच नाही. मी ओरडून ओरडून दमले, घसा कोरडा पडला, रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली, तरी हे तिकडे हात खाली सोडून उभे. मला इतका संताप आला की मी जे ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हा हात वर गेला. उन्हाळाभर असंच चाललं. मी चिडायची, आणि चिडले की ऐकू जायचं.

आषाढ जवळ आला तशी विहारात कुजबुज सुरू झाली. समोरच्या घरची सून अंगणवाडीत काम करते, चांगली शिकलेली, आवाजही मोठा. यंदा तिनं वाचावं, असं काही जणींच्या मनात होतं. मला तोंडावर कोण सांगणार? शेवटी विहारातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी घरी आल्या. चहा प्यायल्या, धानाच्या पऱ्ह्यांची, रोपांची, चौकशी केली आणि जाताना म्हणाल्या की पहिल्या दिवशी तू वाच. मागच्या ओळीला ऐकू आलं तर तीन महिने तूच. नाही आलं तर पोरीच्या हातात ग्रंथ देऊ, अन् तू आमच्यात बसून ऐकशील, त्यात काय कमीपणा? बोलणं अगदी न्यायाचं होतं. मला रात्रभर झोप आली नाही.

पौर्णिमेच्या दिवशी पांढरी साडी नेसले. निघताना यांना म्हटलं, तुम्ही मागं भिंतीशी बसा. एवढंच म्हटलं. पुढचं म्हणायची गरज नव्हती.

वंदना झाली. बाहेर पाऊस रिपरिप चालला होता, पत्र्यावर वाजत होता. मी ग्रंथ उघडला आणि सुरुवातच अशी केली की माझे कान गरम झाले. मला सारखं वाटत होतं, अगं, किती बोंबलतेस, विहारात आहेस. पण कोणी पुढं सरकलं नाही, कोणी पंख्याकडे बघितलं नाही. मावशींनी मान डोलावली. एक पान झालं. मग मजकूर असा आला की जो मला फार आवडतो, त्यात मी रमले. वाचता वाचता सगळं सोपं वाटायला लागलं, जुन्या दिवसांसारखं, गळ्यावर ताण नाही, लाज नाही. मला वाटलं, आलं, माझं वाचन परत आलं. बाया हात जोडून बसल्या होत्या, चेहरे शांत होते.

तेवढ्यात हे मागं उभे राहिले.

हा माणूस विहारात कधी तोंड उघडत नाही. चार लोकांत बोलायचं म्हटलं तर याच्या कपाळाला घाम येतो. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मांगं ऐकू येऊन नाई राहिलं."

सगळ्या माना मागं वळल्या. एका बाईनं यांना हातानं खाली बसायची खूण केली. मावशींनी डोळे वटारले. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मला इतकं अपमानित वाटलं की ग्रंथ मिटून घरी निघून जावं. सगळ्या जणी मला सांभाळून घेत बसल्या होत्या, आणखी तीन महिनेही घेतलं असतं, आणि माझ्याच नवऱ्यानं भर सभेत माझ्या हातचं वाचन काढून घेतलं होतं.  यांचे डोळे भरले होते. पण हे खाली बसत नव्हते, माझ्याकडे बघत तसेच उभे होते.

मी वाक्य पहिल्यापासून घेतलं. पोटातून, बोंबलून. हे उभेच. पुढचं वाक्य आणखी जोरात, इतक्या जोरात की मला वाटलं हायवेवरचे ट्रक थांबतील. तरी हे उभेच. मग मी लाज सोडली, मोठा श्वास घेतला आणि पुढचं वाक्य वाचलं. मधूनच वर पाहिलं तर हे डोळे पुसत खाली बसत होते.